पुलांची टपाल तिकिटं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांच्या जुन्या अल्बममध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी हार्बर ब्रिजची १९३२ची दोन टपाल तिकिटं सापडलीयत, एक लाल, दोन पेनीचं आणि एक निळं, तीन पेनीचं. एका प्रदर्शनात मी ती एका विक्रेत्याला दाखवायला घेऊन गेले तर म्हणाला, हिरवं पाच शिलिंगवालं नाही ना, मग टाकून द्या. खरंच काही अर्थ नाही का? आणि लेकीला भारतातल्या पुलांची तिकिटं जमवायचीयत, कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, टाकायचा विचारसुद्धा करू नका! हिरवं तिकीट महाग आहे हे खरं, पण त्याचं कारण साधं आहे, तेव्हा तिथे साधं पत्र दोन पेनीत जायचं आणि पाच शिलिंग म्हणजे साठ पेनी, म्हणजे एका तिकिटात तीस पत्रं, त्यात मंदीचे दिवस, मग घेणार किती जण? तुमच्याकडे आहेत ती लोकांनी रोज वापरलेली तिकिटं आहेत, आणि ती पूल खुला व्हायच्या आधी पाच दिवस निघाली, १४ मार्चला, पूल खुला झाला १९ला.

आता एक करा. टेबल लॅम्पखाली तिकीट तिरकं धरा आणि भिंगातून बघा. शाई कागदावर किंचित उठून दिसत असेल, कमानीच्या रेघा धारदार असतील तर ती कोरीव छपाई. रेघा सपाट वाटल्या तर दुसरी, साधी छपाई. लाल आणि निळं दोन्ही अशा दोन प्रकारांत निघालीयत, कडेच्या दातांवरूनही कळतं, कोरीवला दोन सेंटिमीटरमध्ये ११ आणि साध्याला साडेदहा. आजोबांनी कुठली ठेवलीत हे लेकीलाच शोधू द्या ना.

भारतासाठी २००७चा चार तिकिटांचा संच घ्या : कोलकात्याचे हावडा ब्रिज आणि विद्यासागर सेतू, पाटण्याचा महात्मा गांधी सेतू आणि तमिळनाडूत रामेश्वरमला जाणारा पांबन पूल. मला विचाराल तर यातलं पांबन सगळ्यात जवळचं. १९१४चा समुद्रावरचा रेल्वे पूल, मधला भाग बोटींसाठी उघडायचा आणि तो उघडायला दोन्ही बाजूंनी माणसं हातानं यंत्र फिरवायची, कितीतरी दशकं! डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात पुलाचा बराच भाग वाहून गेला, आणि तो ४६ दिवसांत परत उभा केला तरुण ई. श्रीधरन यांनी, म्हणजे पुढे ज्यांनी आपली कोकण रेल्वे बांधली तेच. रत्नागिरीच्या मुलीला ही गोष्ट सांगितलीत की तिकीट आपोआप आपलं वाटेल. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्या जुन्या पुलावरून गाड्या थांबल्या, २०२५ला शेजारी नवा पूल सुरू झाला.

गांधी सेतूचंही तसंच. तो १९८२चा काँक्रीटचा पूल, पण पुढे वरचा सगळा भाग काढून तिथे स्टीलचा बसवला, २०२२पर्यंत ते काम चाललं. तिकिटावरचा पूल मात्र आधीचा, काँक्रीटचा. त्यामुळे लेकीला सांगा, प्रत्येक तिकिटाच्या खाली पूल कधी बांधला, तिकीट कधी निघालं आणि आज तिथे काय आहे, अशा तीन ओळी लिही. अल्बम नुसता चित्रांचा राहणार नाही.

प्रश्न : तिकिटं पानाला चिकटलीयत, पाण्यात टाकू का?
– तीच वाचक

उत्तर : शिक्का असेल तर चालेल, कोमट पाण्यात पान उलटं ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सुटतं, ओढू नका. मग शोषकागदावर पालथं ठेवून वर जड पुस्तक. शिक्का नसेल आणि मागे डिंक असेल तर पाणी अजिबात नको, डिंक गेला की किंमत गेली, पानाचा तुकडा कापून तसाच ठेवा. आणि कोकणातला पावसाळा बघता अल्बम उभा ठेवा, आडवा दाबून नको, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बोटांनी धरू नका, चपट्या टोकाचा चिमटा शंभर-दीडशेत मिळतो.