विषमता मिथ्या असेल, तर सोवळे खरे कसे?

आपला प्रश्न असा आहे: जग मिथ्या आहे असे वेदान्त सांगतो, मग जातिभेद, उच्चनीचता, दारिद्र्य हेही मिथ्याच ठरत नाही का, आणि जे मिथ्या आहे त्याच्याविरुद्ध लढण्यात काय अर्थ? शेवटी आपण असेही विचारले आहे की, ‘मी स्वतः जात मानत नाही, एवढे पुरेसे नाही का?’ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत असताना हे दोन्ही प्रश्न मलाही पडले होते, आणि दुसऱ्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ‘मिथ्या’ या शब्दाकडे पाहू, कारण बहुतेक घोटाळा तिथेच होतो. शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्तात मिथ्या म्हणजे मुळात नसलेले, असा अर्थ नाही. सशाचे शिंग किंवा वंध्येचा पुत्र यांना अद्वैती ‘तुच्छ’ म्हणतात, कारण ते कधीच कोणाच्या अनुभवाला येत नाहीत. मिथ्या मात्र अनुभवाला येते आणि यथार्थ ज्ञान झाल्यावर टिकत नाही. त्यामुळे त्याला सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही. याच विचारातून सत्तेच्या तीन पातळ्या मानल्या गेल्या. अंधारात दोरीच्या जागी दिसलेला साप प्रातिभासिक, म्हणजे नुसता भासणारा; दोरी व्यावहारिक, म्हणजे रोजच्या व्यवहारात खरी; आणि ब्रह्म तेवढे पारमार्थिक, म्हणजे अंतिम अर्थाने सत्य. भूक, अन्न, ताप, औषध, ऋण, शेतसारा ही सगळी व्यावहारिक पातळीवरची सत्ये आहेत, आणि तहानलेल्या माणसाला जातीमुळे नाकारलेले पाणी हेही त्याच पातळीवरचे सत्य आहे. स्वतःला ताप आल्यावर औषध घेणाऱ्याने दुसऱ्याच्या तहानेच्या वेळी ‘हे सारे मिथ्या’ असे म्हटले, तर त्याने पातळी मध्येच बदललेली असते. ‘जग मिथ्या, म्हणून अन्याय खोटा’ हा निष्कर्ष शंकराचार्यांच्या स्वतःच्या चौकटीतही निघत नाही.

आता त्याच आचार्यांच्या लेखनातील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, कारण या विषयाचा गाभा मला तिथे सापडला. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी ते अध्यास समजावून सांगतात: एकाचे धर्म दुसऱ्यावर लादणे, देहाचे गुण आत्म्याचे मानणे. तिथे ते स्पष्ट म्हणतात की, ‘ब्राह्मणाने यज्ञ करावा’ यांसारखी शास्त्रवचने आत्म्यावर वर्ण, आश्रम, वय, अवस्था यांचा अध्यास करूनच प्रवृत्त होतात. वर्ण हा अध्यास आहे, ही कबुली याहून स्वच्छ शब्दांत क्वचितच कुठे मिळेल. मात्र त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण येते. तिथे शूद्राला वेदाध्ययनाचा आणि वेदांच्या द्वारे ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असे प्रतिपादन आहे, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे व लाख ओतावी हे स्मृतिवचनही आधार म्हणून उद्धृत केलेले आहे. इतिहास-पुराणांच्या वाटेने ज्ञान मिळवण्यास मात्र मोकळीक ठेवली आहे. हे दोन उतारे मी एकाच आठवड्यात वाचले आणि कित्येक दिवस अस्वस्थ होतो. जो अध्यास दूर करणारी ही विद्या, ती कोणाला मिळावी हे ठरवण्यासाठी तोच अध्यास प्रमाण मानला गेला होता.

परंपरेने ‘मनीषापंचक’ या स्तोत्राबरोबर काशीतील चांडाळाची कथाही जपली आहे. ‘बाजूला हो’ असे म्हणणाऱ्या आचार्यांना तो विचारतो की, एका अन्नमय देहापासून दुसरा अन्नमय देह दूर करायचा आहे की चैतन्यापासून चैतन्य? या प्रश्नापुढे आचार्य नतमस्तक झाले, असे कथा सांगते. पण गावोगावच्या पाणवठ्यावर जे चालले ते अपशूद्राधिकरणाप्रमाणे चालले. चांडाळाचा प्रश्न स्तोत्रात राहिला.

तोच प्रश्न आपल्या मराठीत चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विचारला. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ। आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥’ असे म्हणून त्या थांबत नाहीत. पुढच्याच चरणात विचारतात, ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला। सोवळा तो झाला कवण धर्म॥’ विटाळ देहाबरोबरच जन्माला येत असेल, तर देह धारण करणारा कोणीही सोवळा कसा राहील? तर्क म्हणून हे फार काटेकोर आहे. मिथ्यात्व लावायचे तर ते दोन्ही बाजूंना लावले पाहिजे. ज्याला हीन म्हटले त्याचे हीनत्व मिथ्या आणि जो म्हणतो त्याचे श्रेष्ठत्व मात्र खरे, असा मायावाद असू शकत नाही. सोयराबाईंचे पती चोखोबा यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर, महाद्वारापाशी आहे. तेथून आत जाण्याची वाट त्यांच्या समाजबांधवांसाठी १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर खुली झाली. मध्ये सहाशे वर्षे गेली, आणि त्या सहाशे वर्षांत हे अभंग सतत गायिले जात होते.

ते गायिले जात असताना काय घडत होते, हे मी घरातच पाहिले आहे. माझ्या आजीला हरिपाठ आणि चोखोबांचे कितीतरी अभंग मुखोद्गत होते. ‘ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा’ म्हणताना तिचे डोळे भरून येत. आणि आमच्या घराच्या वळचणीला एक कान तुटलेली कपबशी असे; शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्यांना त्यातच चहा मिळे, आणि तो घेतल्यावर ती त्यांनीच विसळून परत वळचणीत खोचायची असे. आजी ढोंगी नव्हती. त्यांच्या घरी कोणी आजारी पडले तर ती दाणे, गूळ, पैसे पाठवी. तिच्या मनात अभंग एका जागी होता आणि कपबशी दुसऱ्या, आणि त्या दोहोंची गाठ कधी पडतच नव्हती. संतांविषयी डॉ. आंबेडकरांनी जे नोंदवले आहे ते मला या अनुभवामुळे पटले: संतांनी ईश्वरासमोर माणसे समान आहेत असे सांगितले, माणसांनी एकमेकांशी समानतेने वागावे हा त्यांच्या झगड्याचा मुख्य विषय नव्हता. सोयराबाईंच्या वरच्या चरणाला हे विधान पूर्णपणे लागू होते असे मला वाटत नाही. पण तो चरण ऐकणाऱ्यांना नक्कीच लागू होते.

आता दोरी-सापाच्या दृष्टान्ताची मर्यादा पाहू. दिवा आणला की साप जातो, कारण तो एकट्याच्या डोळ्यांतला भ्रम असतो. समाजातला साप अनेकांना एकत्र दिसतो, आणि त्याच्या दिसण्यावर काहींचा मान व मालकी उभी असते. महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे सर्वांचे झाले, पण अस्पृश्यांपैकी कोणी पाण्याजवळ जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर काही तासांतच, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी अफवा गावात पसरली आणि परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. देवळात शिरण्याचा बेत नव्हता, साप नव्हताच. डोकी मात्र खरीच फुटली. पुढे १०८ घागरींनी, पंचगव्य आणि मंत्रांसह, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

याचा शेवट न्यायालयात झाला. तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा निकाल आवर्जून लक्षात ठेवावा असे मला वाटते. ‘हे असेच होते, असेच असते’ हे सनातनत्वाचे रूप पुराव्याच्या उजेडात आणले, तेव्हा ते टिकले नाही. विषमतेत भ्रम कोणता, याचे माझे उत्तर इथे आहे: सोसणाऱ्याचे दुःख हा भ्रम नव्हे, ही व्यवस्था निसर्गाने, ईश्वराने किंवा पूर्वजन्मीच्या कर्माने लावून दिली आहे, ही समजूत हा भ्रम होय. ‘सर्व मिथ्या आहे’ असे सरसकट म्हणणारा माणूस या भ्रमाला हात लावत नाही. तो दुःखालाच भ्रमाच्या खात्यात टाकतो.

यावर कोणी म्हणेल की, समजूतच असेल तर ती बदलली की काम झाले. डॉ. आंबेडकरांनीही १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि न होऊ शकलेल्या भाषणात म्हटले होते की, जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण नाही, ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे. पण धारणाधारणांत फरक असतो. चलनी नोटेचे मूल्य हीदेखील सर्वांनी मिळून मान्य केलेली गोष्ट आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री घोषणा झाली आणि पाचशे व हजाराच्या नोटांचे चलन म्हणून असलेले मूल्य मध्यरात्रीपासून संपले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तीही घोषणाच होती आणि तिच्यामागेही कायद्याचे पूर्ण बळ होते. तरीही १९७० च्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन खेडोपाडी फिरावे लागले. नोट घोषणेने जन्मली होती, म्हणून घोषणेने गेली. जातीला कोणी एका दिवशी जारी केलेले नव्हते. ती लग्नात, जेवणाच्या पंगतीत, वस्तीच्या दिशेत, जमिनीच्या उताऱ्यात, आडनावात रोज नव्याने केली जाते. रोज केली जाणारी गोष्ट घोषणेने थांबत नाही. रोज वेगळे करावे लागते.

अद्वैत मानणाऱ्यांनी हे कधी केलेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. नारायण गुरू अद्वैतीच होते. अवर्ण मानल्या गेलेल्या समाजात जन्मून त्यांनी १८८८ साली केरळात अरुविप्पुरम येथे शिवलिंगाची प्रतिष्ठापना स्वतःच्या हातांनी केली आणि जातिभेद व मतद्वेष यांवाचून सर्वांनी बंधुभावाने राहण्याचे हे स्थान आहे, असे तिथे लिहविले. अद्वैताचा सिद्धान्त एकच असताना कोणी त्यातून अधिकार नाकारतो आणि कोणी देऊळ उभारतो, यावरून मला एवढेच दिसते की, सिद्धान्तावर सगळे सोपवून आपली सुटका होत नाही. नागार्जुनांनी बौद्ध परंपरेत म्हटले आहे की, व्यवहाराचा आश्रय घेतल्यावाचून परमार्थ सांगता येत नाही. व्यवहार ओलांडून थेट परमार्थावर उडी मारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न. ‘मी जात मानत नाही’ हे वाक्य मीही वसतिगृहात असताना माझ्या खोलीतल्या सोबत्याला सांगितले होते. नव्या माणसाशी ओळख होताना तो नेहमी केवळ पहिले नाव सांगे आणि ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येण्याआधी विषय बदलत असे. हे माझ्या ध्यानात यायला वर्ष लागले, कारण माझे आडनाव सांगताना मला कधी काही वाटले नव्हते. माझे ते वाक्य ऐकून तो रागावला नाही. त्याने शांतपणे विचारले, ‘तुझ्या गावात कोण कुठून पाणी भरते, ते तुला माहीत आहे का?’ मला माहीत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी जाऊन पाहिले. वेगळी विहीर आता राहिलेली नव्हती, नळयोजना झालेली होती, आणि कोणी कोणाला अडवत नव्हते. पण टाकी गावाच्या चढाच्या अंगाला होती आणि नळाची लाइन पाटलांच्या आळीतून निघून, देवळाला वळसा घालून, सर्वांत शेवटी दलित वस्तीत पोहोचत होती. वरच्या आळ्यांचे पाणी भरून होईपर्यंत वस्तीतल्या तोट्यांना करंगळीएवढी धार असे, आणि चैत्रानंतर तीही नसे. लाइन आखताना कोणी जातीचा विचार मनात आणला होता, असे मी म्हणू शकत नाही. वस्ती पूर्वी जिथे ठेवली गेली तिथेच होती, आणि पाइप तिच्यापर्यंत शेवटी पोहोचला, इतकेच. गावातल्या प्रत्येकाच्या मनातून जात उद्या सकाळी नाहीशी झाली असती, तरी त्या दिवशीही पाणी त्याच क्रमाने आले असते.

वस्तीतल्या बायकांनी स्वतंत्र व्हॉल्व्हसाठी ग्रामपंचायतीकडे तीनदा अर्ज दिलेले होते, हेही मला तेव्हाच कळले. चौथ्या अर्जावर वरच्या आळीतल्या आम्ही पाच-सहा जणांनी सह्या केल्या आणि तो ग्रामसभेत वाचायला लावला. व्हॉल्व्ह बसायला त्यानंतरही दोन उन्हाळे गेले.