ग्रास कटरचे इंजिन जाम झाले आहे. दुरुस्त करावे की नवीन यंत्र घ्यावे?

आपण लिहिले आहे की बेणणी चालू असतानाच आपल्या 52 सीसीच्या टू-स्ट्रोक ग्रास कटरचे इंजिन जाम झाले, मेकॅनिक नवीन ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) आणि पिस्टन घालायला सांगतो, घरची मंडळी मात्र जुन्यात पैसे घालू नका म्हणतात; आणि नवीन घ्यायचेच झाले तर कोणते घ्यावे, असेही आपण विचारले आहे. घरच्या मंडळींचा उल्लेख वाचला आणि राहवले नाही, कारण आमच्या घरात हा वाद आजही मिटलेला नाही.

माझे मत स्पष्ट आहे. पिस्टन गेला म्हणजे इंजिन गेले असे नव्हे. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा, गेला तर मात्र इंजिन गेले. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की नवीन घ्यावे, हा जो हिशेब ऐकवला जातो तो दुकानदाराच्या सोयीचा आहे, कारण इंजिन न उघडताच निकाल देण्याची मुभा त्यातून मिळते.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. गणपतीला ठाण्याहून आलेल्या भावोजींनी त्या वर्षी मोठ्या हौसेने यंत्र खांद्याला अडकवले आणि कलमांखालचे गवत कापायला घेतले. आमच्या पडवीत दोन कॅन असतात, एक मोटारसायकलसाठी साध्या पेट्रोलचा आणि दुसरा टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण म्हणून लागणारे 2टी ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा. त्यांनी कोणता उचलला असेल हे आपण ओळखले असेलच. थोड्याच वेळात आवाज चिरका झाला आणि यंत्र जागच्या जागी थांबले. "चायना माल आहे, भंगारात टाका, मी आजच नवीन मागवतो," असा भावोजींनी घाम पुसता पुसता निकाल दिला. मी टाकीतल्या पेट्रोलचे दोन थेंब वहीच्या कागदावर टाकले. मिश्रण असते तर पेट्रोल उडून गेल्यावर ऑइलचा डाग राहिला असता. कागद कोरडा आणि कोरा झाला. त्यावर भावोजी म्हणाले की ऑइलही उडाले असेल. पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बाजारातल्या दुकानदाराने तर झाकणही न उघडता पूर्ण इंजिन बदलण्याचा भाव सांगितला. मी यंत्र घरी परत आणले आणि सायलेन्सरचे बोल्ट काढून बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्टच्या भोकातून आत पाहिले. हे आपणही आजच करावे, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. पिस्टनवर उभे ओरखडे होते, रिंग खाचेत चेपून बसली होती आणि सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनचे अॅल्युमिनियम लिंपल्यासारखे चिकटले होते. नंतर ओळखीच्या मेकॅनिककडे ब्लॉक उतरवला आणि खरी तपासणी तिथे झाली. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वरखाली ओढून पाहायचा. तो आडवा थोडा सरकला तर हरकत नाही, पण वरखाली किंचितही खेळ लागला तर खालचे बेअरिंग संपले असे समजावे. त्यानंतर क्रँक हाताने सावकाश फिरवायचा आणि बेअरिंगची खरखर बोटांना लागते का ते पाहायचे. आमचा क्रँक लोण्यासारखा फिरला. मग 44 मिलिमीटर बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) ब्लॉक-पिस्टनचा सेट घातला. हे सेट सहज मिळतात, कारण वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या 52 सीसीच्या बहुतेक यंत्रांत मूळ इंजिन एकाच नमुन्याचे असते. ज्याला भावोजी चायना माल म्हणून हिणवत होते त्याची सोय ही अशी असते. नामांकित कंपनीच्या यंत्राचा अस्सल ब्लॉक घ्यायला गेलात की दुरुस्तीचा उत्साह बराच ओसरतो.

जुन्या स्कूटरप्रमाणे सिलिंडर आतून घासून (बोअर करून) ओव्हरसाइज, म्हणजे थोडा मोठा, पिस्टन घालू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. या यंत्रांच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा दिलेला असतो; तो घासून काढला की नवा पिस्टन फार काळ टिकत नाही.

नवा सेट घालण्याआधी जाम होण्याचे कारण सापडले पाहिजे, नाहीतर नवा सेटही त्याच वाटेने जाईल. आमच्याकडे कारण समोर चहा पीत बसले होते. आपल्याकडे पेट्रोल-ऑइलचे मिश्रण बरोबर असेल, तर क्रँकचे ऑइल सील आणि कार्बोरेटरमागचे गॅस्केट पाहावे. तिथून हवा आत ओढली गेली की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. ओल्या गवताचा चोथा सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांत बसूनही इंजिन असेच तापते. ओरखडे कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ गेलेली असते.

नवा सेट घातल्यावर सुरुवातीला यंत्र पूर्ण रेसवर चालवू नये. ऑइलचे प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवावे: 1:25 म्हणजे लिटरला 40 मिलि, 1:50 म्हणजे 20 मिलि. आमचे यंत्र अजूनही दर वर्षी बाग बेणते. भावोजींनी हट्टाने मागवलेले नवे यंत्र मात्र सुटा भाग मिळत नाही म्हणून माळ्यावर पडून आहे, आणि भावोजी आले की मी ते मुद्दाम खाली काढून ठेवतो. त्यामुळे नवीन कोणते घ्यावे याचे उत्तर माझ्याकडून अपेक्षू नये.

काही गोष्टी सांगायला हव्यात. क्रँकमध्ये खेळ असेल किंवा क्रँककेसला, म्हणजे क्रँकभोवतीच्या कवचाला, तडा गेला असेल, तर माझे वरचे सगळे म्हणणे बाजूला ठेवून नवीन घ्यावे. क्रँक, बेअरिंग, सील आणि सेट एकत्र धरले की मजुरीसह खर्च नव्याच्या जवळ जातो. होंडाच्या जीएक्स35 सारखे फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचेच नसते. तिथे आधी क्रँककेसमधल्या ऑइलची पातळी पाहावी. आणि दुरुस्तीला टाकताना काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत, म्हणजे नेमके काय बदलले ते आपल्याला कळेल.