आजीच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नये

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दारातल्या चपला पाहून आजी म्हणाली, “ह्या चपला आता मी उचलू काय रे?” आणि तू म्हणालास, “हो, चालेल.” ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या, आजीनं कपाळाला हात लावला. “उत्तर नको असतं तर ती विचारते कशाला?” असं तुझं म्हणणं.

इथं कॅनडात, कॅलगरीच्या शाळेत बाई विचारतात ते उत्तरासाठी. तिकडे विदर्भात, दारव्ह्याकडच्या आपल्या घरी निम्मे प्रश्न नुसते दिसायला प्रश्न. “मी उचलू काय?” म्हणजे मी उचलणार नाही, तू उचल. साधं विचारलं तर आत नकार असतो, आणि प्रश्नातच ‘नाही’ असेल तर आत होकार. “आंबा कोणाले नाई आवडत?” म्हणजे सगळ्यांनाच आवडतो. जेरॉल्ड सेडॉक या भाषाशास्त्रज्ञानं 1971 मध्ये अशा प्रश्नरूपी विधानांना ‘क्वेक्लेरेटिव्ह’ म्हटलं. आजीला हे सांगू नकोस. “त्यानं काय पोट भरते?” म्हणेल, आणि तेही क्वेक्लेरेटिव्हच.

‘कुठी’ तर फार फसवा. “मी कुठी म्हटलं?” यात जागा विचारलेलीच नाही, मी म्हटलंच नाही, एवढंच. इथं नवा असताना साहेब म्हणाला, काम शुक्रवारी देतो म्हणाला होतास. मी डोक्यातली मराठी तशीच इंग्रजीत ओतली, “व्हेअर डिड आय से?” त्यानं शांतपणे ईमेल उघडून ती ओळ दाखवली. आता काय बोलणार?

“जेवला का?” याला मात्र खरं उत्तर दे, ताट तयार असतं. पारावरचे म्हातारे “कुठी चाल्ला?” विचारतील, त्यांना “इथंच” पुरतं, सगळा रस्ता सांगत बसू नकोस. “काऊन रडते रे?” म्हणत आजी जवळ घेईल, तेव्हा कारण सांग. “काऊन मस्ती करून रायला?” म्हटलं की कारण सांगू नकोस, गप बस. शब्दापेक्षा तिचे हात बघ. उत्तर हवं असलं की हातातलं सूप थांबतं. नसलं की पाखडणं चालूच.

आणि “विचारते कशाला?” असं तू मला म्हणालास, तेव्हा तुला तरी उत्तर कुठे हवं होतं? आजीचाच नातू.

चपला उचलल्यास ना? हे खरंच विचारतोय. कळव.

तुझा बाबा