पान घेऊन ये

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा सांगलीत विश्रामबागला घरी आलीस, दोन तास बसलीस आणि खरा प्रश्न विचारलास तो निघताना, चपला घालता घालता. "ताई, मला कुणी मेंटॉर मिळवून द्याल का?" तुला तासगावची एसटी गाठायची होती, म्हणून मी "बघू" म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय.

स्थळ सुचवावं तसा मेंटॉर, म्हणजे कामात वाट दाखवणारं जाणतं माणूस, सुचवता येत नाही. पण तो मिळतो कसा, हे तू लहानपणापासून घरात बघत आली आहेस. फळछाटणी झाली, ढगाळ हवा आली आणि द्राक्षाच्या पानावर तेलकट पिवळे डाग दिसले की तुझे बाबा काय करतात? "माझ्या बागेचं पुढं कसं होईल?" असं विचारत कुणाच्या दारात जात नाहीत. चार पानं तोडून पिशवीत घालतात आणि गाडी काढून थेट एखाद्या जाणत्या बागायतदाराच्या बांधावर जातात. तो पान उलटं करून खालची पांढरी बुरशी बघतो. छाटणीला किती दिवस झाले, पाऊस कधी पडला, शेवटची फवारणी कशाची, एवढं विचारतो. बाबांना सगळं तोंडपाठ असतं. या दावण्या रोगावर काय मारायचं ते दहा मिनिटांत ठरतं.

तू माझ्याकडे आलीस ती पान न घेता. प्रोग्रॅमिंगसाठी जावा भाषा शिकू की पायथन, एआयमुळे नोकऱ्या राहतील का, पुण्याला जाऊ की बंगळूरला, यावर आपण पुष्कळ बोललो. पण तू लिहिलेली एक ओळसुद्धा मी बघितली नाही. का ते मला माहीत आहे. पानावर डाग असतात आणि ते दुसऱ्याला दाखवायची लाज वाटते. मलाही वाटायची.

२००१ साली मी पुण्यात टेस्टिंगला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामाला, लागले. पहिल्याच आठवड्यात एक चूक सापडली म्हणून मी ऐटीत नोंदवलं, "रिपोर्ट प्रिंट होत नाही." आमच्या गटात एक नागपूरकडच्या सीनियर बाई होत्या. त्यांनी माझी नोंद कागदावर छापून घेतली आणि पेन्सिलीनं समासात लिहिलं : कोणता रिपोर्ट? कोणत्या महिन्याचा? मागच्या महिन्यात होत होता का? मी दुरुस्त करून दिली, त्यांनी पुन्हा परत केली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा उत्तरं लिहिताना माझ्याच लक्षात आलं, की महिना ३१ दिवसांचा असला तरच गाडी अडते. मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले, तर त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता लिही." पुढची चार वर्षं त्यांनी माझं काम असंच वाचलं. मेंटॉर हा शब्द आमच्या दोघींच्या तोंडी एकदाही आला नाही.

ही रीत जुनी आहे. जगातली पहिली प्रोग्रॅमर म्हणतात त्या एडा लव्हलेसचं नाव तू पाठ्यपुस्तकात वाचलं असशील. १८४०-४१ मध्ये ती आपल्याकडे मदुराईत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडून पत्रांतून गणित शिकत होती. त्या पत्रांत ती अडलेली पायरीच पुढे करायची, ही पायरी मला कळली नाही म्हणून. पदरात लहान मुलं होती तेव्हाची ही गोष्ट. १८४३ मध्ये, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक उभं केलं त्याच साली, चार्ल्स बॅबेजनं आखलेल्या गणकयंत्रावरच्या तिच्या टिपा छापून आल्या. बर्नूली संख्या, म्हणजे गणितातली एक संख्यामाला, यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या, ते त्यात पायरीपायरीनं मांडलेलं आहे. बुद्धी तिची होतीच, पण न कळलेलं लिहून पाठवायची तिला लाज वाटली नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

सांगलीला परत आल्यावरचा एक अनुभव सांगते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर करत होते. गावाच्या नावानं शोधलं की कऱ्हाडचे निम्मेच शेतकरी दिसायचे. पडद्यावर दोन्ही नोंदी सारख्या, कऱ्हाड आणि कऱ्हाड. दोन दिवस मी डोकं आपटलं. शेवटी देवनागरी फॉन्टवर काम करणाऱ्या एका गृहस्थांना लिहिलं. दोन्ही नोंदी जशाच्या तशा, कुठून टाइप केल्या ते, मी काय काय करून बघितलं ते. आमची ओळखपाळख काही नव्हती. उत्तर आलं एका ओळीचं : "दोन्हींची लांबी मोजा." एकाची आली ६, दुसऱ्याची ७. एकानं युनिकोडमधलं (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देतात ती पद्धत) ०९३१ क्रमांकाचं अक्षर, म्हणजे नुक्त्याचा ऱ, वापरला होता. दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. सेव्ह करताना आणि शोधताना दोन्ही एकाच रूपात आणले आणि हरवलेले शेतकरी परत आले. "मराठी सर्च चालत नाही, मदत करा" एवढंच लिहिलं असतं, तर त्यांनी एक ओळ तरी का लिहावी?

आता जरा कडू सांगते. २००६ मध्ये माझं बाळंतपण झालं. तेव्हा कायद्यानं १२ आठवड्यांची रजा होती. परत कामावर गेले तर मी उभं केलेलं मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग, दुसऱ्याकडे आणि माझ्याकडे कागदपत्रं लिहायचं काम. "तुला आता झेपणार नाही असं वाटलं," ऑफिसातले म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. ते काम परत मिळालं ते दुसऱ्या विभागातल्या एका मॅनेजरमुळे. मी नसलेल्या बैठकीत ते म्हणाले, "काम तिनं केलंय, तिला विचारा तरी." नागपूरच्या बाईंनी मला घडवलं, आणि या माणसानं मी नसताना माझं नाव घेतलं. दोघंही लागतात. पण नाव घ्यायला आपलं काम त्याला ठाऊक हवं. त्यांना ठाऊक होतं ते मी दर शुक्रवारी आठवड्यात काय केलं याच्या पाच ओळी लिहून पाठवायचे म्हणून. आपल्याला घरून शिकवण असते की केलेलं बोलून दाखवू नये. नोकरीत ही शिकवण बाजूला ठेव. केलंस ते सांग, मराठीतून सुचलं तर मराठीतून आधी लिही आणि मग इंग्रजी कर. तुझ्या इंग्रजीची तुला जेवढी धास्ती आहे तेवढी ती वाईट नाही.

२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे कामाच्या जागी होणाऱ्या बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती हवी. रुजू होताना तिच्यात कोण आहे ते विचारून घे, विचारण्यात कसला आगाऊपणा नाही. आणि शिकवतो म्हणणारा माणूस कामाचं सोडून रात्री-अपरात्री भलतंच बोलू लागला, तर तो कितीही मोठा असो, तिथून ऊठ आणि मला फोन कर. किती वाजलेत ते बघू नकोस.

रविवारी दहाला ये. तासगावच्या बेदाणा सौद्यांच्या भावाचा तो प्रोजेक्ट घेऊन ये. "तो अजून चालत नाही," म्हणालीस ना, तसाच आण, काही आवरू-सावरू नकोस. तू बोलताना एकदा पेटीचा भाव म्हणालीस आणि एकदा किलोचा. दोन्ही एकाच रकान्यात भरले असशील, तर पहिला डाग तिथेच सापडेल असं मला वाटतं. बाबांना विचारून ये.

तुझी,
ताई