ऑटोपायलट ऐकत नसेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नकोस

तू लिहिलंयस की बारामतीहून सोलो क्रॉस-कंट्रीला (एकट्याने लांब जायच्या सरावाच्या उड्डाणाला) सेसना १७२ या छोट्या विमानात ऑटोपायलट लावला, तो उंची धरेल असं वाटलं पण विमान वर चढायला लागलं, तू योक (विमानाचं हँडल) पुढे दाबून धरलास, अर्ध्या मिनिटाने ऑटोपायलट सोडवायचं लाल बटण दाबलंस तर नाक एकदम वर उसळलं आणि स्टॉल हॉर्न, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा भोंगा, वाजला. घाबरणं साहजिक आहे, आणि लिहिलंस हे फार चांगलं केलंस, कारण असं झालं की बरेच जण गप्प बसतात.

आता नाक का उसळलं ते बघ. तुझ्या विमानात केएपी १४० ऑटोपायलट आहे म्हणालास, त्यात पिचचा, म्हणजे नाक वर-खाली करणारा, सर्व्हो (छोटी मोटर) वेगळा आणि ट्रिमचा, म्हणजे योकवर जोर न लावता नाक जागेवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा, वेगळा. तू योक दाबलास की पिच सर्व्होवर जोर येतो, आणि ऑटोपायलटला हा जोर तुझ्या हाताचा आहे हे कळत नाही, त्याला वाटतं विमानच आउट ऑफ ट्रिम आहे, मग तो ट्रिम नाक-वर फिरवत राहतो. तू जितका वेळ दाबणार तितकी ट्रिम उलटी साठत जाणार, आणि डिसकनेक्ट केलंस की ती सगळी एकदम तुझ्या हातात येते. १९९४ साली नागोयाला चायना एअरलाइन्सचं एअरबस ए३०० पडलं ना, त्यात हेच होतं, चुकून गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर चढायचा) मोड लागला, पायलट योक पुढे ढकलत राहिले आणि ऑटोपायलट शेपटीचा स्टॅबिलायझर नाक-वर फिरवत गेला. २७१ पैकी २६४ माणसं गेली. विमान केवढं का असेना, गोष्ट तीच.

म्हणून विमान तुला नको ते करतंय असं वाटल्याक्षणी योक घट्ट धर आणि लाल बटण दाब, आणि दाबूनच ठेव, कारण त्याच बटणाने इलेक्ट्रिक ट्रिमही थांबते. सोडल्यावर ट्रिम पुन्हा पळू शकते, म्हणून बटण न सोडता दुसऱ्या हाताने ऑटोपायलटचा सर्किट ब्रेकर ओढ, मग ट्रिम व्हील हाताने फिरवून जोर काढ. नाक वर जात असेल तर आधी पॉवर थोडी कमी कर, नाक ढकलणं सोपं जातं. का झालं याचा विचार नंतर, आणि त्या फ्लाइटमधे तो परत लावायचा नाही म्हणजे नाही.

माझ्याबरोबर एकदा पानशेतच्या वर ट्रिम व्हील आपोआप फिरायला लागलं, शेजारचा विद्यार्थी पॅनेलवर लाइट शोधत बसला, तेवढ्यात नाक बरंच खाली गेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला जमिनीवर डोळे मिटून तो ब्रेकर शोधायला लावतो. तूही इंजिन बंद असताना दहा वेळा करून बघ. आणि टेकऑफच्या आधी ऑटोपायलट लावून योक हाताने दाबून, ओढून बघायचा, तो हरतोय ना याची खात्री करायची, ही टेस्ट कोणी घाईत टाळायला सांगितली तरी टाळू नकोस.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझं ऑटोपायलट बिघडलंच नसेल अशीही शक्यता आहे. केएपी १४० मधे नुसतं एपी बटण दाबलं की तो रोल (पंख समतल धरायचा) आणि व्हर्टिकल स्पीड (व्हीएस) मोडमधे येतो, म्हणजे त्या क्षणी जो चढण्याचा दर होता तोच धरतो, उंची धरायला ऑल्ट हे बटण वेगळं दाबावं लागतं. तू चढता चढता लावलास का? डिस्प्लेवर ऑल्ट होतं का व्हीएस? घाटाकडे वारा वर ढकलतो तेव्हाही गोंधळ होतो, पण आधी हे आठव. आणि व्हीएस मोडमधे वेग कमी झाला तरी तो नाक वर करतच राहतो, स्टॉलची काळजी त्याला नाही, ती तुलाच घ्यायची.

मोड आठवत नसला तरी स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहून दे, कुठल्या उंचीवर, किती वेळ दाबलंस, ट्रिम व्हील कुठपर्यंत फिरलेलं होतं हे सगळं लिही, इंजिनिअरला जमिनीवर यातलं काही दिसत नाही. तपासून होईपर्यंत तो ब्रेकर बाहेरच राहू दे आणि पुढची क्रॉस-कंट्री हातानेच उडव.