गळाला लागलेला मासा असा विचित्र का दिसतो? हॅचरीमुळे म्युटेशन होतं का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या एका व्हिडिओत गळाला लागलेला पिवळाधमक ट्राऊट पाहिला, आणि त्याच आठवड्यात गिरणा धरणावर तुमच्या मित्राला जवळपास बिनखवल्यांचा सायप्रनस (कार्प जातीचा मासा) मिळाला. हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातल्या, माशांत म्युटेशन (जनुकातला बदल) होतंय का, आणि असा मासा खावा का?

खा बिनधास्त. आता बाकीचं सांगतो.

मी चाळीसगावकडचा. तीन पावसाळे एका मत्स्यबीज केंद्रावर काम केलंय, आता फक्त रविवारचा गळ. ट्राऊट आपल्याकडे जगणार नाही. त्याला वीस अंशांच्या आतलं गार पाणी लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टाकीच्या नळाखाली हात धरवत नाही. पण तो पिवळा ट्राऊट आणि तुमचा उघडा सायप्रनस यांची गोष्ट एकच आहे.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सरकारी हॅचरीत 1955 साली साध्या रेनबो ट्राऊटच्या पिल्लांत एक पिवळ्या ठिपक्यांचं पिल्लू दिसलं. तिथल्या माणसांनी ते वेगळं काढून वाढवलं, त्याची वीण जपली आणि 1963 मध्ये, राज्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, सोनेरी ट्राऊट नद्यांत सोडले. रंगाच्या जनुकात बदल झालेला. आईबापांकडून दोन्ही प्रती बदललेल्या आल्या तर मासा सोनेरी, एकच आली तर फिकट पिवळसर, त्याला तिकडे पालोमिनो म्हणतात.

हा बदल हॅचरीने घडवला का? नाही. असं एखादं पिल्लू नदीतही निघतंच, पण पहिला बगळा तेच उचलतो. हॅचरीत वर जाळी असते, खाद्य वेळेवर पडतं आणि पिल्लांवर माणसाची नजर असते. नदीत जे दोन दिवस टिकलं नसतं ते इथे किलोभर वाढतं आणि तुमच्या गळाला येतं.

सायप्रनसचं तसंच. पाठीच्या कडेने रुपयाच्या नाण्याएवढ्या खवल्यांची एक रांग, बाकी अंग गुळगुळीत, चामड्यासारखं. असा असेल तर तो मिरर कार्प. मला पहिल्यांदा मिळाला तेव्हा शेजारी बसलेले भोईकाका म्हणाले, "हाऊ मासा ते नागडा शे भो!" युरोपात ही जात शेकडो वर्षं मुद्दाम पाळलीय, भारतात ती 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आली. खवल्यांच्या या जनुकाचा शोध 2009 मध्ये लागला. गंमत अशी की कार्पकडे त्या जनुकाच्या दोन आवृत्त्या आहेत. एक बिघडली तरी दुसरी शरीराचं काम चालवते, म्हणून खवले जातात पण मासा ठणठणीत राहतो. अजिबात खवले नसलेला 'लेदर' कार्प मात्र वेगळ्या जनुकाचा. त्यात दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर पिल्लू जगतच नाही.

हॅचरीचा खरा दोष सांगायचा तर तो नात्यातल्या लग्नांचा. कटला-रोहूची मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते, त्यामुळे मोजक्या माद्यांवर सगळ्या हंगामाचं बीज निघतं. मग दरवर्षी त्याच घरातले नर-माद्या कोण बदलत बसतो? दडलेले बदल अशाने जोडीने समोर येतात. आमच्याकडे नवीन नर-माद्या नदीतून आणायचं दरवर्षी ठरायचं, आणि दरवर्षी पाऊस आधी यायचा.

पण सगळं वाकडंतिकडं म्हणजे म्युटेशन नव्हे. पाठीला बाक, आत दबलेलं तोंड, अर्धं गलफड उघडं, हे बहुतेक वेळा संगोपनातलं बिघडलेलं असतं. रोहूचं अंडं पंधरा-अठरा तासांत फुटतं (ट्राऊटचं दहा अंशांच्या पाण्यात महिनाभर घेतं), आणि त्या तासांत पाणी फार तापलं की पिल्लं वाकडी निघतात. एका जूनमध्ये वीज गेली, फवारा बंद पडला आणि सकाळी टाकीत मी स्वतः इंग्रजी एस अक्षरासारखी जिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) पाहिलीत. खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलं तरी मणका वाकतो. एक साधी खूण सांगतो: गलफडाचं झाकण एकाच बाजूला तोकडं असेल, तर बहुधा दोष जनुकाचा नाही, टाकीचा.

अवाढव्य ट्राऊटचे व्हिडिओही पाहिले असतील. कॅनडात सस्कॅचवानच्या डिफेनबेकर तलावात 2009 मध्ये 48 पौंडांचा, म्हणजे सुमारे पावणेबावीस किलोचा रेनबो गळाला लागला. तो मत्स्यशेतीतून निसटलेल्या ट्रिप्लॉइड माशांपैकी. फलन झाल्यावर लगेच अंड्यांना दाब किंवा उष्णतेचा झटका दिला की गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात, मासा वांझ होतो, आणि प्रजननावर जाणारी ताकद वाढीला लागते. ते म्युटेशन नाही, माणसाचा उद्योग आहे.

खाण्याचं एवढंच बघा: अंगावर लाल चट्टे, जखमा किंवा बुरशी असेल तर तो मासा टाकून द्या, मग खवले असोत-नसोत. बाकी चव सायप्रनसचीच. काळ्या मसाल्यात उत्तम लागतो. मात्र माझा तो नागडा मासा साफ करून देणाऱ्या मावशींनी खवले काढायचे पैसे पुरते घेतले, वर म्हणाल्या, "सुरी ते लागनीच ना?"