फियाट बोअरला टाकायची घाई नको

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडे वडिलांची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट आहे. सहा महिन्यांपासून गाडी मिस मारते, खंबाटकी चढताना उचलच नाही, आणि वर पोचल्यावर कधी कधी बंद पडते, मग अर्धा तास थांबलं की परत सुरू. मेकॅनिकने कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघितलं तर एक आणि दोन नंबरला १२८ आणि १२५ पीएसआय, तीन आणि चारला ७२ आणि ७०. तो म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठे करून) नवीन पिस्टन टाकावे लागतील. धूर दिसत नाही, ऑइलही फारसं खात नाही. इंजिन खोलू का? – एक वाचक, सातारा

उत्तर: आत्ता लगेच नको. तुम्ही आकडे पाठवलेत ते फार बरं झालं, कारण त्यातच बरंचसं उत्तर आहे. रिंगा झिजतात त्या बहुतेक वेळा चारही सिलिंडरच्या कमीजास्त झिजतात आणि मग निळा धूर, ऑइल कमी होणं हे सगळं सोबत येतं. तुमच्याकडे धूर नाही, आणि पडलेले दोन सिलिंडर नेमके शेजारी शेजारी आहेत, दोघांचे आकडेही जवळपास सारखे. असं दिसलं की माझा पहिला संशय तीन आणि चारच्या मधल्या हेड गॅस्केटवर (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) जातो, तिथली बारीक पट्टी जळली की एका सिलिंडरचा दाब सरळ दुसऱ्यात जातो.

पण संशयावर हेड उतरवू नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट परत नीट करून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी फुल चार्ज, आणि कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) मधली वायर काढून ब्लॉकला अर्थ केलेली. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता घेतलेला आकडा खोटा कमी येतो, हे बऱ्याच गॅरेजमध्ये लक्षात घेत नाहीत. मग तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि परत सेल्फ मारून गेज बघा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा, कारण ऑइलने तेवढ्यापुरतं सील केलं. जागचा हललाच नाही तर रिंगा बिचाऱ्या निर्दोष, गळती वर आहे, व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट.

या दोघांतलं कोण ते कानाने कळतं. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा (थोड्या दाबाने, आणि फॅनपासून हात लांब, कारण इंजिन झटक्यात फिरू शकतं). सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट पाण्याच्या बाजूला गेलंय, आणि चार नंबरच्या भोकावर बोट ठेवल्यावर हवा लागली तर मधली पट्टी जळलीय हे नक्की.

त्याआधी एक काम फुकटातलं आहे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातला गॅप तपासा. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे गाडी छान, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला की गॅप कमी कमी होत जातो आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा मला हा गप्प टॅपेट जास्त घातक वाटतो.

हेड काढावंच लागलं तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काढा, अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना सैल केलं की वाकतं. सपाट पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघा, वाकलं असेल तरच फेसिंग (घासून सपाट करणं) आणि तेही गरजेपुरतं. बसवताना नट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

आता घाटात बंद पडणं. हे वेगळं दुखणं आहे हो, कॉम्प्रेशन अर्ध्या तासात बरं होत नसतं. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू म्हटलं की मी ठिणगीच्या बाजूचे कंडेन्सर आणि कॉइल बघतो. बंद पडल्या पडल्या, पेट्रोलचा वास येत नाही ना हे बघून, मधली वायर इन्सुलेशनच्या पक्कडीने ब्लॉकपासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक आली तर इग्निशन ठीक, मग पेट्रोल पाइपमध्ये वाफ धरते का ते बघा. पिवळी, मरगळलेली किंवा नाहीच आली तर डेल्को (डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) उघडा. त्यातले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) निळसर जळलेले किंवा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा असेल तर कंडेन्सर बदला, स्वस्तातली वस्तू आहे. आणि कॉइल मल्टिमीटरने मोजा, मध्ये रेझिस्टर नसलेल्या साध्या १२ व्होल्ट पॉइंट सिस्टीमला प्रायमरी साधारण ३ ओमची लागते. दुकानात नुसतं "फियाटची कॉइल द्या" म्हटलं की कधी कधी दीड ओमची हातात पडते, ती तापते आणि पॉइंटही जाळते. डेल्कोचा शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा, बुश झिजली असेल तर पॉइंटचा गॅप कितीही लावा, टिकणार नाही.

प्रश्न: पावसाळ्यात सकाळी आमची फियाट नुसती कुरकुरते, दुपारी ऊन पडलं की एका सेल्फमध्ये चालू. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: त्याने हे जाणार नाही, कारण डेल्कोची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि प्लग वायरी त्याच राहतात आणि करंट ओलाव्यातून तिथूनच पळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा, वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असेल तर ती पुसून जात नाही, कॅप नवीनच टाका. वायरी बदलताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ सांभाळा, आणि ३ व ४ च्या वायरी एकमेकींना चिकटवून नेऊ नका, त्या लागोपाठ पेटतात.